दाराकडे वळलेले बूट

नोबुए त्या दुपारी शेजारी गेली ती नुसती फळी द्यायला. वसाहतीची फिरती फळी होती ती, सूचनांचे कागद अडकवलेली. पाणी कधी बंद राहणार, गवत कापायला कुणी यायचं, बोनच्या दिवसांत, तेराला पितर घरी येतात आणि सोळाला परत जातात तेव्हा, त्यांचा विस्तव खाली कुठे पेटवायचा, असलं सगळं. एका घरानं वाचायचं, शिक्का मारायचा आणि फळी पुढच्या घरी पोचवायची. दाराच्या मुठीला अडकवून परत फिरलं तरी चालतं, आणि बहुतेक लोक तेच करतात. नोबुए मात्र बहुतेक लोकांतली नव्हती. फळी हा तिचा परवाना होता. त्या परवान्यावर ती वसाहतीतल्या प्रत्येक घरात डोकावून आली होती. कुणाकडे काय शिजतंय, कुणाचा मुलगा नोकरी सोडून घरी बसलाय, ते तिला त्या-त्या घरच्यांच्या आधी कळायचं. मनानं वाईट नव्हती हो ती. कुणी आजारी पडलं की पेज घेऊन पहिली हजरही तीच.

समुद्रावरचा वारा पडला होता. झाडांवरचे किडे असे ओरडत होते की डोक्यात भोक पडावं. शेजारच्या फुसाको-सानचं दार उकाड्यामुळं अर्धवट उघडं होतं, आणि आतून उदबत्तीचा आणि कापलेल्या काकडीचा वास येत होता.

"फुसाको-सान, फळी..."

उत्तर आलं नाही. मागच्या गॅलरीत कपडे झटकल्याचा आवाज तेवढा आला. नोबुएनं दार ढकललं आणि तिची नजर खाली गेली.

दारातल्या खालच्या फरशीवर फुसाकोचे चालायचे बूट पडले होते. एक आडवा, दुसरा घराकडे तोंड करून. जसे पायातून झाडले तसेच.

ज्याला फुसाको माहीत नाही त्याला यात काही वाटायचं नाही. पण इतक्या वर्षांच्या शेजारात नोबुएनं ते बूट कधी वाकडे पाहिले नव्हते. नवरा दुसऱ्या बंदरात जाऊन कायमचा तिकडचाच झाला, त्या दिवशीही नाही. मुलगी गेली त्या दिवशीही नाही. बाहेरून आलं की बूट काढायचे, वाकून दाराकडे तोंड करून जोडीनं लावायचे, मगच पायरी चढून घरात पाय ठेवायचा, अशी ती बाई.

शिंक आली की हात आपोआप तोंडाशी जातो, तसा नोबुएचा हात बुटांकडे गेला. तिनं वाकून दोन्ही बूट उचलले, दाराकडे वळवले आणि एकाला एक चिकटवून ठेवले. पांढऱ्या नाड्या फरशीवर लोळत होत्या, त्या तशाच राहिल्या. गुडघा कुरकुरला म्हणून ती लगेच उठली, फळी कपाटावर ठेवली आणि घरी आली.

एवढंच केलं तिनं.

संध्याकाळी फुसाको दारात उभी राहिली. नोबुएनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. गालावर रंग चढला होता, आणि हात एकमेकांत घट्ट धरलेले.

"नोबुए-सान," ती हळूच म्हणाली, आतल्या कुणाची झोप मोडू नये तशी. "ती आली."

"कोण?"

"मिओरी. माझे बूट वळवून गेली."

नोबुएच्या तोंडात शब्द तयार होता. अहो, ते मी... एवढंच म्हणायचं होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून शब्द गिळला गेला.

आता मिओरीचं सांगायला हवं.

मिओरी फुसाकोची एकुलती एक. सात वर्षांची, कपाळावर सरळ कापलेले केस, बोलायला आजीबाई. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून नोबुएकडे यायची, दुधाच्या गोळ्या खायला. नोबुएचा नवरा तेइजी तेव्हा मासळीच्या कारखान्यात होता. पाळी संपवून यायचा आणि दारातच बूट असे उडवायचा की एक इकडे, एक तिकडे. नोबुए लग्न झाल्यापासून त्यावरून कटकट करत होती. मिओरी कटकट करत नसे. फरशीवर बसायची, दोन्ही बूट वळवायची, आणि नाड्यांची टोकं बुटाच्या आत खोचून ठेवायची. ती खोचायची पद्धत तिची एकटीची.

"काका, उद्या घाई झाली तर कसे घालाल हो?"

"तू आहेस ना," तेइजी म्हणायचा. "मला काय काळजी?"

त्याच शरदात वसाहतीतल्या रिकाम्या इमारतीत सिनेमाचे लोक आले. भुताचा सिनेमा होता. भुताच्या मुलीचं काम करायला एक मूल हवं होतं, पाठमोरं उभं राहील असं. मिओरीला घेतलं. दिग्दर्शक म्हणाला, दारातून ये, थांब, आणि आत निघून जा. मिओरी आली, थांबली, आणि दारात त्या सिनेमातल्या बापाचे वाकडे बूट दिसल्यावर तिला राहवेना. खाली बसली, वळवले, नाड्या आत खोचल्या, मग गेली. सगळे हसले. दिग्दर्शक मात्र हसला नाही. म्हणाला, हेच ठेवायचं.

मग सगळी गोष्टच त्यावर बेतली त्यांनी. सिनेमात ती मुलगी कुणाला धरत नाही, ओरडत नाही, तिचा चेहरासुद्धा दिसत नाही. फक्त सकाळी एखाद्याचे बूट दाराकडे वळलेले दिसतात, नाड्या आत खोचलेल्या. ज्याचे बूट वळले, तो त्यानंतर घरातून जातो आणि परत येत नाही.

माघात मिओरीला ताप आला आणि बर्फ वितळायच्या आत ती गेली. कशानं, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. सिनेमा लागला तो पुढच्या उन्हाळ्यात. देशभर गाजला. शाळेतली पोरं एकमेकांचे बूट वळवून किंचाळत पळायची. आपल्या मेलेल्या पोरीला सगळा देश घाबरतो, हे एखाद्या आईनं कसं सोसायचं? दर उन्हाळ्यात पितरांच्या दिवसांत फुसाको घरी एकटी तो सिनेमा लावायची. भिंतीतून नोबुएला किटलीची शिट्टी ऐकू यायची. त्या प्रसंगाच्या आधी किटली वाजते, हे तिला पाठ झालं होतं. मग सगळं शांत. मिओरी बूट वळवते तेव्हा सिनेमात आवाजच नाही.

इतकी वर्षं अशी गेली, आणि यंदा अमेरिकेत तोच सिनेमा पुन्हा निघाला. इथल्या कंपनीनं मान राखून फुसाकोला दोन तिकिटं पाठवली. सोबतीला नोबुए गेली. नाही कशाला म्हणेल?

बसमधून परतताना नोबुएच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "काय हो ते ओरडणं. माझे कान अजून वाजताहेत. आणि ती पोर सारखी तोंडासमोर. आपल्या सिनेमात दिसत नाही म्हणून तर भीती वाटते. हिला एवढी बघितली की शेवटी मला वाटलं, हिला कुणी जेवायला तरी घाला."

फुसाको हसली. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, "एक पाहिलंत का? तिकडे कुणी बूट काढतच नाही. घरभर बूट घालून. पलंगावरसुद्धा."

"हो ना. मला तर गादीचीच काळजी वाटत होती."

"मग त्या मुलीला वळवायला काही उरलंच नाही. म्हणून बिचारी ओरडते." फुसाको खिडकीबाहेर बघत राहिली. बंदराचे दिवे लागत होते. "आणि त्यांनी शोधून काढलं, ती कशानं मेली. हाडं सापडली, पुरली, सूर्य उगवला, सगळे मोकळे झाले. आपल्यात कुणी विचारलंच नाही ती का येते ते. नोबुए-सान, तिकडे कारण सापडलं की भूत जातं. आपल्याला कारणच मिळालं नाही... म्हणून माझी अजून तिथेच वाकून बसलीये."

नोबुएनं पिशवीतून संत्रं काढून दिलं.

फुसाकोनं ते सोललं नाही. हातात धरून म्हणाली, "पण आता तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली त्यांनी. कामावर बदली आली की आधीच्या माणसाला घरी सोडतात ना? माझ्या मुलीची सुटी झाली म्हणायची."

हे सारं नोबुएला आत्ता आठवलं, तेरा तारखेच्या त्या संध्याकाळी. तेव्हा तिला ते एका दुःखी बाईचं बोलणं वाटलं होतं. आता कळलं की फुसाको महिनाभर बंद दाराआड रोज मुद्दाम बूट वाकडे टाकत होती. वाट बघत होती.

"तिनं सगळ्या जगाचे बूट वळवले," फुसाको दारात म्हणाली. "आईचे तेवढे राहिले होते. आता सोळा तारखेला ती परत निघेल, तेव्हा मी तिच्याबरोबर जाईन."

रात्रीच्या जेवणाला नोबुएनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तेइजी आता कारखान्यातून निवृत्त होऊन घरी असायचा. त्यानं माशाचा काटा बशीच्या कडेला ठेवला.

"तुला कुणी सांगितलं होतं दुसऱ्याच्या बुटांना हात लावायला?"

"सवय. तुमचेच उचलून उचलून लागलेली."

"माझ्यावर ढकल आता." मग त्यानं बशी बाजूला सारली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सांगून टाक तिला."

"सांगितलं तर मोडेल हो ती."

"आणि नाही सांगितलं तर?"

पुढचे दोन दिवस नोबुए फळीशिवायच शेजारी जात राहिली, दारातल्या त्या बुटांकडे मात्र न बघता. फुसाकोनं पितरांसाठी चार काड्या टोचून काकडीचा घोडा केला होता, येणाऱ्यानं लवकर यावं म्हणून. त्याच्या शेजारी वांग्याची गाय असायला हवी. जाणारा गायीवर बसून सावकाश जातो, मागे वळून बघत. ती गाय नव्हती. घरातली कपाटं एकेक करून रिकामी होत होती. फ्रीज पुसून उघडा ठेवलेला. दुसऱ्या दिवशी तर फुसाकोनं खारवलेल्या आलुबुखारांची मातीची बरणी आणून नोबुएच्या ओट्यावर ठेवली. मिओरीच्या जन्माच्या साली घातलेले होते ते. कधी कुणाला एक दिला नव्हता.

"हे मला कशाला?"

"फेकवत नाही. जुने आहेत पण खराब होत नाहीत."

"तुम्ही खा ना."

"मी निघणार ना आता," फुसाको म्हणाली, बसची वेळ सांगावी तसं. तिचं मनगट केवढं बारीक झालं होतं ते नोबुएला तेव्हा दिसलं. बाईनं जेवण सोडलं होतं.

सोळा तारखेला दिवस कलायला लागला तशी नोबुए उठली. गॅलरीतल्या कुंडीतलं एक वांगं तोडलं, चार काड्या घेतल्या आणि शेजारी गेली. आभाळ भरून आलं होतं, पाऊस नव्हता. जिन्यात बंदराचा खारट, कुजका वास कोंडला होता. किडेसुद्धा थांबले होते.

फुसाको उन्हाळी किमोनो नेसून देवघरासमोर बसली होती. मिओरीचा फोटो, समोर घोडा. दारात तिचे बूट, दाराकडे वळलेले. नोबुएनं त्यांच्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या चपला काढून, वळवून ती वर आली आणि गुडघ्यांवर बसली.

"फुसाको-सान, मला काही सांगायचंय."

"सांगा ना."

"ते बूट... त्या दिवशी... मी वळवले होते."

किटली गॅसवर होती. पाणी तापायला लागल्याचा बारीक आवाज येत होता.

"तुम्ही?"

"फळी द्यायला आले होते. वाकडे दिसले. हात गेला हो. लगेच सांगायला हवं होतं, पण तुमचा चेहरा बघून..."

फुसाको फोटोकडे बघत राहिली. मग अगदी हळू विचारलं, "नाड्यासुद्धा तुम्हीच खोचल्या? आत?"

नाड्यांना नोबुएनं हात लावला नव्हता. फरशीवर लोळणाऱ्या त्या पांढऱ्या नाड्या तिला आत्ताही समोर दिसत होत्या. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. बूट जोडीनं होते. नाडी कुठेच दिसत नव्हती. फक्त बुटाच्या काळ्या तोंडात... आत दाबून ठेवलेली पांढरी टोकं.

किटली वाजायला लागली. दोघींतली एकही उठली नाही.

नोबुएनं उघडा फ्रीज बघितला. फुसाकोची मनगटं बघितली.

"हो," ती म्हणाली. "नाड्याही मीच."

किटली किती वेळ वाजत होती कोण जाणे. शेवटी फुसाकोनं उठून गॅस बंद केला. परत येताना तिचे पाय म्हातारीसारखे पडत होते.

"असं होय," ती म्हणाली. खाली बसली. "तुम्ही नसतं सांगितलं तरी चाललं असतं, नोबुए-सान."

मग ती रडली. आवाज नव्हता त्या रडण्याला. इतक्या वर्षांत नोबुएसमोर पहिल्यांदा. नोबुएनं तिचा हात धरला. मुलगी खरोखर आली होती, आणि ती आली नाही असं आपण तिच्या आईला सांगितलं, हे तोंडात दाबून ती बसून राहिली.

"तिला माझे बूट दिसलेच नाहीत म्हणायचे," फुसाको म्हणाली.

नोबुएनं वांगं काढलं आणि काड्या टोचायला लागली. एक काडी तिरकी गेली, गाय लंगडी झाली. फुसाकोनं ती घेतली, एक काडी काढून नीट बसवली आणि घोड्याशेजारी ठेवली.

"मला वाटलं होतं, यंदा गाय लागायची नाही. दोघी चालतच जाऊ."

अंधार पडायच्या आत दोघी खाली उतरल्या. मातीच्या ताटलीत तागाच्या काड्या रचून फुसाकोनं निरोपाचा विस्तव पेटवला. चारदोन घरांचे विस्तव आधीच विझत आले होते. फुसाकोनं हात जोडले.

"जा, बाळा," ती म्हणाली. "आईचे राहू दे."

वारा अजिबात नव्हता. दुसऱ्यांचा धूर सरळ वर जात होता. त्यांच्या ताटलीतला तेवढा जमिनीलगत आला, त्यांच्या पायांवरून गेला आणि इमारतीच्या जिन्यात शिरला. फुसाकोचे डोळे मिटलेले होते. नोबुएनं पाहिलं.

फुसाकोला घरी पोचवून, तिच्यापुढे भात आणि त्याच बरणीतला एक आलुबुखार ठेवून, तिनं चार घास खाल्ल्याचं बघून नोबुए आपल्या दारात आली. आत तेइजी बेसबॉलचा सामना बघत होता. ती चपला काढायला वाकली आणि तशीच राहिली.

तेइजीचे कॅनव्हासचे बूट. दाराकडे वळलेले. एकाला एक चिकटवून. नाड्या आत.

"अहो," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "अहो... तुम्ही बूट लावून ठेवलेत?"

"मी?" आतून हसणं आलं. "आयुष्यात कधी लावलेत का?" टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. मग पावलं. "झाला निरोप? मी जरा खाली जाऊन येतो. मिओरीच्या विस्तवाला हात जोडायचे राहिले माझे. पोर एवढी येऊन बूट लावायची..."

नोबुए त्या बुटांवर बसली. अक्षरशः, फरशीवर, चपलांसकट.

"काय करतेस?"

"काही नाही. बसा तुम्ही. आज... नका जाऊ कुठे."

तेइजीनं तिच्याकडे बघितलं. तिच्यामागे पायरीवर बसला. ती एकेक नाडी बाहेर ओढत होती. कापूस ओला झाला की बोटांना लागतो तशा गार होत्या त्या. मग तिनं एक बूट या कोपऱ्यात फेकला, दुसरा त्या कोपऱ्यात. आणि रडायला लागली. "चुकले गं," ती बुटांना म्हणत होती. "सांगते तुझ्या आईला. सांगते. पण यांचे नको."

तिनं अजून सांगितलेलं नाही. फुसाको आता जेवते. मागच्या आठवड्यात फळी घेऊन स्वतः आली होती, तिच्या दारातले बूट पूर्वीसारखे नीट असतात. सांगितलं तर ती त्याच रात्री ते पुन्हा वाकडे टाकेल, हे नोबुएला माहीत आहे. नाही सांगितलं तर पोर कुणाकडे जाईल, हेही माहीत आहे.

तेइजीचे बूट त्या घरात आता कुणी सरळ करत नाही. नोबुए रोज पहाटे त्याच्या आधी उठते आणि दारात जाऊन बघते. बूट वाकडेच असतात, रात्री त्यानं जसे उडवले तसेच. नाड्या तेवढ्या तिला रोज बाहेर ओढून काढाव्या लागतात.